माझ्या विद्यार्थ्याची पवनचक्की

१४ ऑगस्ट २०२२

आज पुन्हा पवनचक्कीवाल्यांची पांढरी गाडी गावात येऊन गेली. सरपंच दयानंदच्या ओट्यावर चहा प्याले, माळावर खुंट्या ठोकल्या आणि गेले. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सुनावलं असतं.

लातुरात मी क्लासचं पीक उगवताना पाहिलंय. आधी आम्ही चारदोन जण होतो, घसा फोडून शिकवणारे. मग लातूर पॅटर्नचं नाव झालं आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. दर क्लासला बोर्ड, बोर्डावर पोरांचे फोटो, त्यातली निम्मी पोरं दुसऱ्याच्याच क्लासची. आता माळांचं तसंच होऊन राहिलंय. औशाकडं जा, निलंग्याकडं जा, टेकाड दिसलं की पंखा. वारा आमचा, जमीन आमची, वीज जाणार कुठं ते कोणी सांगत नाही, आणि आमच्या शेलवाडीत दिवेलागणीला अंधार. म्हणे पोरांना नोकऱ्या देऊ. कसल्या, तर वॉचमनच्या.

अक्काकडं जाऊन हे सगळं बोललो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नागुबाई. क्लास सोडून मी गावात आलो तो अर्धा तिच्यासाठीच. सौ. लातुरातच आहे, नातवाची बारावी झाल्याशिवाय ती हलायची नाही. मी रस्त्याच्या टोकाला राहतो आणि अक्का पार दुसऱ्या टोकाला, माळाला लागून शेवटच्या गल्लीत. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचे मालक आणि लेक गेले, तिला लोकांनी माळवदाच्या मातीतून ओढून काढलं. नवं घर मिळालं तरी कित्येक वर्षं ती छताखाली झोपत नव्हती. आता कुठं घरात निवांत झोपते.

"तू बोल की मंग पंचायतीत," अक्का म्हणाली. "तुझं ऐकत्यात."

ऐकतातच. ज्या घरातलं एकही पोर माझ्या हाताखालून गेलं नाही असं घर शेलवाडीत सापडायचं नाही. बोलणार आहे.

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन. सकाळी तीच पांढरी गाडी माझ्या दारात. म्हटलं, बरं झालं, आयते तावडीत सापडले. दार उघडतो तर एक उंचापुरा गडी वाकून माझ्या पाया पडला. "सर, ओळखलं का? मोहसीन. उदगीरचा. जिलानी सायकलवाल्याचा."

ओळखणार नाही तर काय. बारावीला शेवटच्या बाकावर बसायचा, आणि चाचणीत पहिल्या बाकावरच्यांना मागं टाकायचा. बाप दुकानात पंक्चर काढायचा आणि संध्याकाळी पोराच्या डब्याला भाकरी बांधून लातूरच्या एसटीत ठेवायचा. तोच पोरगा आज या पवनचक्क्यांचा मोठा इंजिनिअर. आमच्या माळावरची प्रत्येक चक्की त्याच्या देखरेखीखाली उभी राहणार.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. दयानंदला फोन करून सांगितलं, शेजारी जाऊन सांगितलं, सौ.ला सांगितलं, मोहसीनला अक्काच्या घरी नेऊन तिच्या हातचा चहा पाजला. आमच्या मातीत तयार झालेलं डोकं आमच्याच माळावर वीज काढणार. आणि शांतपणे विचार केला तर पवनचक्की ही काही वाईट चीज नाही. कोळसा तरी किती दिवस पुरायचा?

१८ सप्टेंबर

मोहसीन पुन्हा आला. चेहरा उतरलेला. माळाचा नकाशा माझ्या टेबलावर पसरला आणि सात नंबरच्या चक्कीवर बोट ठेवलं. म्हणाला, "सर, हे ठिकाण शेवटच्या गल्लीच्या लई जवळ येतंय. मी वर कळवलंय, आणखी पलीकडं न्यावं म्हणून. ते विचारतात, गावाची काही तकरार आहे का."

मी म्हणालो, "मग?"

"गावाची काहीच तकरार नाही का, सर? कोणाचीच?"

"नाही."

"नागुबाई आत्यांची पण नाही? त्यांचं घर तर तिथंच आहे."

पोरगं धास्तावलेलं दिसलं. साहजिक आहे, वय ते काय आणि जिम्मेदारी केवढी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "मोहसीन, तू बिनघोर राहा. गावातून तकरारीचा एक शब्द निघू देणार नाही. मी बसलोय ना इथं."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि नकाशाची घडी घालायला लागला. घडीसुद्धा धड जमेना त्याला. फार भरून आलं असावं.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा जिंकली.

सुरुवातीला वातावरण बरं नव्हतं. अक्काच्या गल्लीतली साखराबाई उभी राहिली. बाई तोंडाची फटकळ, पण आज जपून बोलत होती. "पंखा फिराया लागला की जिमीन हादरंल का, एवढंच सांगा. आमाला त्येची धडकी हाय." मागून चारपाच बायका 'हाव, हाव' करायला लागल्या. मोहसीननं मान वर करून सगळ्या बायकांकडं पाहिलं आणि पेन उघडलं.

मी उठलो. शाळेच्या फळ्यावर खडू घेतला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा वर्ग घेतला. पाया किती खोल, काँक्रीट किती जड, कंपन म्हणजे काय, भूकंपाची लाट कुठून येते आणि पंख्याची हालचाल तिच्यापुढं किती किरकोळ. टाचणी पडली तर ऐकू आली असती. शेवटी म्हणालो, "मी फिजिक्सचा माणूस आहे. मी सांगतो, काही होत नाही." टाळ्या पडल्या. साखराबाई खाली बसली. अक्कानं तर डोक्यावरचा पदर सारखा करून मान डोलावली. हात वर झाले, ठराव मंजूर.

मोहसीननं पेनाला टोपण लावलं. मी त्याच्याकडं पाहिलं तर तो खाली बघत होता. पोराचा नम्रपणा अजून गेलेला नाही.

२१ डिसेंबर

सात नंबरच्या पायासाठी सुरुंग लावले. काळा पाषाण आहे, दुसरा इलाज नाही. पहिला बार झाला आणि अख्खी शेवटची गल्ली घराबाहेर. लेकरं कडेवर, म्हाताऱ्या उघड्या डोक्यानं. मला सांगावा आला तसा गेलो आणि दारोदार समजावून आलो. आवाज आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांनी ऐकून घेतलं.

अक्का दिवसभर लिंबाखाली बसून होती. ताट तिथंच मागवलं. म्हणाली, ऊन बरं वाटतंय.

१२ मार्च २०२३

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही. पात्याची गाडी आली.

केवढं ते पातं. पुढचा ड्रायव्हर मारुतीच्या पारापाशी, आणि मागचं टोक अजून ओढ्याच्या पुलावर. वळणावर गाडी अडकली. विजेचे दोन खांब काढले, गावाची कमान उतरवली, तरी बसेना. गावातली झाडून सारी माणसं रस्त्यावर. शेवटी श्रीमंत वाण्यानं आपणहून दुकानाचा ओटा फोडू दिला. बायकांनी पात्याला हळदकुंकू लावलं, आरती ओवाळली. नारळ कोणी फोडायचा यावर वाद सुरू होणार तोच दयानंद म्हणाला, "सरांशिवाय कोण?"

मी फोडला. मोहसीनला फेटा बांधला, शाल दिली. दयानंदनं भाषणात सांगितलं की गुरू शेलवाडीचा, शिष्य उदगीरचा, मग हा पंखा कोणाचा? लोक ओरडले, "आपला." छाती अशी भरून आली की जेवण गेलं नाही.

खांब परत कधी उभे करणार ते विचारायचं राहिलं. रस्त्याला ढोपराएवढे खड्डे पडलेत, तेही बुजतील हळूहळू.

१९ एप्रिल

सात नंबर फिरायला लागली. मी माळावर जाऊन डोळे भरून पाहिलं. मोहसीनला म्हणालो, "तुझा बाप पाहायला हवा होता." तो म्हणाला, "अब्बांना एकदा घेऊन येतो, सर." मग विचारलं, "आत्या बऱ्या आहेत ना?" केवढी आठवण ठेवतो.

घरी आलो तर वीज नव्हती. तांत्रिक बिघाड असणार.

११ मे

उकाडा भयंकर. अक्का अंगणात बाज टाकून झोपायला लागली आहे. साखराबाईची बाजही बाहेर, पलीकडच्यांचीही. सकाळी फिरायला जातो तेव्हा सगळी गल्ली बाहेर उठून बसलेली दिसते. मला तर फार आवडलं. लातुरात शेजारी मेला तरी कळत नाही. इथं बाजेला बाज लावून माणसं झोपतात. हे गावपण टिकलं पाहिजे.

९ जुलै

पाऊस लागला तरी गल्ली काही घरात जायला तयार नाही. अंगणात मेढी रोवून वर पत्रे टाकलेत आणि बाजा त्याखाली. बाजेच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे आणि चिंध्या. मी विचारलं तर साखराबाई म्हणाली, "वाळवी लागती, सर."

सिमेंटच्या अंगणात कसली वाळवी? पण हौसेला मोल नाही.

२० ऑगस्ट

अक्काची तब्येत मनात भरत नाही. डोळे लाल. भजनात बसल्या बसल्या पेंगते. परवा चुलीपुढं पेंगली आणि पदराला विस्तव लागता लागता राहिला. उदगीरला नेऊन डोळे दाखवले, डॉक्टर म्हणाले डोळ्यांत काही नाही. शक्तीच्या गोळ्या आणल्या.

"झोप लागते ना, अक्का?"

"लागती की."

"मग हे असं का?"

"वय झालं, शेषा." मग माझ्याकडं बघून हसली. "मोहसीन बरा हाय का? त्येला म्हनावं, आत्यानं इचारलंय. लई गुणाचं लेकरू."

माझ्या विद्यार्थ्याची चौकशी केली म्हणून बरं वाटलं. सांगेन त्याला.

३० सप्टेंबर

आज लिहायलाच हवं. मन थाऱ्यावर नाही.

भूकंपाचा दिवस. आमच्याकडं रीत अशी की या दिवशी सगळं गाव ओढ्यापलीकडं जुन्या गावठाणात जातं. घरं उरली नाहीत, नुसते दगड आणि बाभळी. तरी ज्याला त्याला आपला उंबरा कुठं होता ते माहीत आहे. तिथं झाडलोट करायची, नैवेद्य ठेवायचा, गेलेल्यांची नावं घ्यायची आणि सूर्य चढला की परतायचं. तिथं कोणी रेंगाळत नाही. पाणीसुद्धा पीत नाही.

मी आमच्या आईवडिलांच्या जागेवरून अक्काच्या उंबऱ्याकडं गेलो. नैवेद्य ठेवलेला होता. आणि अक्का त्याच्या शेजारी दगडावर डोकं टेकून आडवी पडलेली.

धावलो, हाक मारणार तोच साखराबाईनं माझा हात धरला. मला आजवर कोणी असं हाताला धरून अडवलेलं नाही.

"झोपलीय, सर. झोपू द्या. लई दिसानं झोपलीय."

खरंच झोपली होती. तोंड उघडं, श्वास संथ, लहान लेकरासारखी. ज्या दगडामातीनं तिचा संसार गिळला त्यावर डोकं ठेवून.

"इथं कशी झोप लागली हिला?" मी विचारलं.

साखराबाईनं अक्काच्या तोंडावरची माशी पदरानं हाकलली. मग म्हणाली, "इथं आवाज येत न्हाई, सर."

"कसला आवाज?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझीच मला लाज वाटली. मग हळूहळू सांगितलं. पंखा सुरू झाल्यापासून गल्लीत कोणाला धड झोप नाही. वारा चढला की जमिनीतून घुमतं. भिंतीतून येतं, बाजेच्या पायातून वर चढतं. पोरांना सवय झाली, पण ज्यांनी तो भूकंप पाहिला ते उठून बसतात. अक्का तर आडवीच होत नाही. पत्र्याखाली बसून राहते, भिंत पडली तर लेकरांना उठवायला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी फळ्यावर लिहून सांगितलं ना, काही होत न्हाई म्हनून. तुमचा शब्द कुनी खाली पाडायचा? नागुबाईनं तर आमाला शपथ घातली. म्हनली, माझ्या भावाची मान गावात खाली जायला न्हाई पायजे."

मी तिथंच एका दगडावर बसलो. गाव निघून गेलं. ऊन चढलं, अक्काच्या तोंडावर येत होतं, म्हणून तिच्या आणि उन्हाच्या मधे उभा राहिलो. माझं फिजिक्स चुकलेलं नाही, हे आताही लिहितो. त्या कंपनानं एक वीटही हलायची नाही. पण मला प्रश्न विटेचा विचारलेला नव्हता, हे मला आज कळलं आणि फार वाईट वाटलं.

जाग आल्यावर ती ओशाळली. म्हणाली, "डोळा लागला बग जरा." मी म्हणालो, "अक्का, परवा ग्रामसभा आहे. तू बोलायचं."

"मी? मला काय येतंय बोलाया. दुसरीतून शाळा सुटली माझी."

"जे साखराबाईनं सांगितलं तेच बोलायचं. माझ्या मानेचं मी बघतो."

२ ऑक्टोबर

कंपनीला माळावर आणखी चक्क्या हव्यात, अक्काच्या गल्लीला तिन्ही बाजूंनी. त्यासाठी पुण्याहून मोठे साहेब आले होते. बोलण्यात साखर. मागच्या वर्षीचा माझा तास त्यांनी कोणाच्या तरी मोबाईलवर पाहिला म्हणे. "सरांसारखी माणसं प्रत्येक गावात असती तर देश कुठल्या कुठं गेला असता. सर, दोन शब्द बोला."

मी उभा राहिलो. म्हणालो, "मागच्या वर्षी मी बोललो आणि साखराबाई खाली बसली. आज मी बसतो. माझी बहीण बोलेल."

सभेत कुजबुज. अक्का भिंतीचा आधार घेऊन उठली. पदर दातात धरलेला, तो काढला.

"भूकंपाच्या आधी बी जिमीन अशीच घुमायची," ती म्हणाली. "आमी बाहेर झोपायचो. मंग मोठी मानसं आली, म्हनली काही न्हाई, घरात झोपा. शिकलेली मानसं म्हनली म्हनून झोपलो. माझे मालक उठले न्हाईत. माझी लेक उठली न्हाई."

दयानंद माझ्याकडं बघत होता, मी अक्काकडं.

"मागच्या साली माझा भाऊ म्हनला काही होत न्हाई. त्यो खोटं बोलत न्हाई. त्येच्या शिक्षनात काही होत बी नसंल. पर मला झोप येईना. मला झोप पायजे. पंखा रातचा बंद ठेवा. आन दुसरा आमच्या उशाला आनू नका."

साहेब हसून म्हणाले, "आजी, आवाज मोजलेला आहे आमच्याकडं. नियमाच्या मापात आहे."

"मापात आसंल. मी कुटं न्हाई म्हनते," अक्का म्हणाली. "तुमी आज माझ्या घरात झोपा. बाज देते, वाकळ देते, जेवाया घालते. सकाळी तुमी सांगा, तसं लिहून घ्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, त्यांना पुण्याला पोचायचं होतं. त्यावर पहिल्यांदा श्रीमंत वाणी हसला, मग सगळी सभा. साखराबाई उभी राहिली, मग तिच्या मागची, मग अख्खी गल्ली. नव्या चक्क्यांना नकार आणि सात नंबर रात्री बंद, असा ठराव झाला. हात मोजायची गरज पडली नाही. गावात मी किती सत्कार घेतले असतील, पण आजच्यासारखं ताठ कधी वाटलं नाही. ही माझी बहीण, असं शेजारच्या माणसाला सांगितलं. त्याला ते माहीत होतं.

मोहसीननं ठरावाची नक्कल ग्रामसेवकाकडून तिथल्या तिथं लिहून घेतली, शिक्का मारून घेतला. साहेब गाडीत बसून हॉर्न वाजवत होते तरी हा शाई वाळेपर्यंत थांबला. साहेब पुढं गेले. तो अक्काकडं चहाला आला.

मला राहवेना. म्हणालो, "तुझ्या साहेबाचं काम बिघडलं आणि तू एवढा खूश का?"

तो कपाकडं बघत म्हणाला, "सर, मागच्या वर्षी मी हेच मागायला तुमच्याकडं आलो होतो. गावाची तकरार असती तर सात नंबर पलीकडं सरकवली असती मी."

माझा पारा चढला. "मग तोंड उघडून सांगायचं ना मला, की सर, तुम्ही चुकताय."

मोहसीननं कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाला, "सर, तुमच्या क्लासमध्ये असं म्हणायची सवय नव्हती आम्हाला कोणालाच."

चहा निवून गेला. अक्कानं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि दुसरा गरम दिला. मोहसीन उठला, ठरावाची नक्कल जपून खिशात ठेवली, अक्काच्या पाया पडला. म्हणाला, "आत्या, मी वर नेऊन देतो. पण ते ऐकतीलच असं नाही."

"न्हाई ऐकलं तर त्येंना पुन्हा बोलीव," अक्का म्हणाली. "मी हाय की. मला आता बोलाया येतंय."